पाच वर्षांचा गॅप आणि अकाउंटंटचा सीव्ही: नाशिकमधलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

वैशाली नाशिकची. नाव बदललंय आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील पण बदललेत, बाकी घडलं तसंच लिहितेय.

2008 ला बीकॉम, नंतर टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा क्लास, थोडे दिवस एका दुकानात कॅशवर आणि मग जून 2010 ते ऑक्टोबर 2018 एकाच सीए ऑफिसमध्ये. आठ वर्षं एका टेबलावर काढली म्हणजे किती काम हाताखालून गेलं असेल ते अकाउंट्सवाल्यांना वेगळं सांगायला नको. व्हॅटची, म्हणजे जीएसटीआधीच्या विक्रीवरच्या कराची, रिटर्न्स तिने केली, नंतर 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हाचा तो सगळा गोंधळ, रात्री अकराला पोर्टल हँग, तारखा पुढे ढकलल्या जायच्या, क्लायंट फोनवर ओरडायचे, हे सगळं तिने निभावलं. माल वाहतुकीसाठी लागणारं ई-वे बिल 2018 मध्ये सुरू झालं तेही ती शिकली.

मग दुसरं बाळ झालं. ऑफिसात माणसं मोजून सात. मातृत्व लाभ कायद्यातली 26 आठवड्यांची भरपगारी रजा दहा किंवा जास्त लोक असलेल्या आस्थापनांना लागू होती, त्यामुळे तिला तो हक्क मिळालाच नाही, नोकरी सोडणं हाच मार्ग राहिला. लहान ऑफिसातल्या कितीतरी बायकांचं असंच होतं आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. पाठोपाठ सासूबाईंना पॅरालिसिस झाला. दोन वर्षं म्हणून घेतलेला ब्रेक पाच वर्षांच्या वर गेला.

नोव्हेंबर 2023 पासून ती परत नोकरी शोधायला लागली. फेब्रुवारी 2024 मध्ये ओळखीतून माझ्याकडे आली. मी आधी एका कारखान्याच्या एचआरमध्ये होते, हजारो सीव्ही डोळ्याखालून गेलेत, म्हणून ओळखीपाळखीचे लोक सीव्ही दाखवायला येतात. ती म्हणाली, "ताई, वीस-पंचवीस ठिकाणी पाठवला, दोनच फोन आले, दोघांनीही विचारलं की पाच वर्षं काय करत होता, मी म्हटलं घरी होते, झालं, फोन ठेवला."

अडचण नेमकी कुठे होती

तिला वाटत होतं अडचण गॅपची आहे. मी सीव्ही बघितला आणि मला वाटलं गॅप हा नंतरचा मुद्दा आहे, आधी या कागदावरून ही बाई काय काम करते तेच कळत नाहीये.

तिच्याकडे दोन सीव्ही होते. पहिला कॉलेजजवळच्या सायबर कॅफेत कधीतरी बनवलेला, तीन पानांचा. वर मोठ्या अक्षरात "रेझ्युमे", खाली करिअर ऑब्जेक्टिव्ह म्हणून ते नेहमीचं "आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीत योगदान" टाइप वाक्य, मग दहावी-बारावीच्या टक्क्यांचा टेबल, मग ताकद म्हणून मेहनती, प्रामाणिक, वेळेची पक्की. छंद वाचन आणि स्वयंपाक. वडिलांचं नाव, नवऱ्याचं नाव, जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती. शेवटी "वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे" आणि सही. या सगळ्यात आठ वर्षांच्या नोकरीला किती जागा? दोन ओळी. "अमुक सीए ऑफिस, अकाउंटंट, 2010 ते 2018. अकाउंट्सची सर्व कामे बघितली." बास.

दुसरा सीव्ही तिच्या भाच्याने कॅनव्हावर करून दिलेला. पोराने मनापासून केलं होतं, दिसायला छान होता, डाव्या बाजूला गडद निळा पट्टा, त्यात फोटो, फोन नंबर, आणि स्किल्सना स्टार. टॅलीला चार स्टार, एक्सेलला पाच. आता पाचपैकी चार स्टार म्हणजे नक्की काय येतं हे अकाउंट्स मॅनेजरला कसं कळावं? उजव्या बाजूला तीच दोन वाक्यं. आणि एक तांत्रिक भानगड पण होती. मी त्या पीडीएफमधलं सगळं सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट केलं तर डाव्या पट्ट्यातला आणि उजवीकडचा मजकूर एकमेकांत घुसला, कंपनीच्या नावाच्या मध्येच तिचा मोबाईल नंबर. नोकरीची पोर्टल्स सीव्हीमधून मजकूर असाच ओढून घेतात, दोन कॉलम, टेक्स्ट बॉक्स, हेडर-फूटर यात बऱ्याचदा माती होते. तुमचा सीव्ही असेल तर हे आत्ता करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

म्हणजे एका सीव्हीत माहिती नव्हती आणि दुसऱ्यात ती नसलेली माहिती सजवली होती. दोन्हीत 2018 नंतर कोरा कागद.

पण ती घरी "काहीच करत नव्हती" हे मला पटत नव्हतं. आठ वर्षं सीए ऑफिसात काम केलेल्या बाईला नातेवाईक, सोसायटी, शेजारी कोणी सोडत नाहीत. म्हणून मी विचारलं, "अगं या पाच वर्षांत कुणाचं रिटर्न वगैरे भरलंस का?" तर ती एकदम सहज म्हणाली, "ते काय, दिरांच्या हार्डवेअरच्या दुकानाचं बघते ना मी. आणि सोसायटीचे हिशोब. पण ते घरचंच काम, पैसे थोडीच मिळतात त्याचे."

अख्ख्या प्रकरणाचा गाभा या वाक्यात आहे असं मला वाटतं. पगार मिळाला नाही म्हणून काम झालंच नाही असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय तिच्या एका मैत्रिणीने सुचवला होता, की सीए ऑफिसची तारीख 2018 ऐवजी 2023 टाक, लहान ऑफिस आहे, पीएफ नव्हता, कोण बघणार. आणि खरंच, पीएफ असता तर यूएएनच्या, म्हणजे पीएफ खात्याच्या नंबरच्या, नोंदीत जॉइनिंग-सोडल्याच्या तारखा दिसल्या असत्या, इथे तसं काही नव्हतं. वैशालीच्या मनात हे घोळत होतं, तिने मला ते लपवलं नाही. मी तिला एवढंच म्हटलं की नाशिक केवढंसं आहे, अंबड एमआयडीसीतल्या अकाउंट्स मॅनेजरने तुझ्या सीए सरांना एक फोन लावला तर? आणि दुसरं, तू ज्या खुर्चीवर बसायला चाललीयेस तिथे लोकांच्या पैशाचे हिशोब तुझ्या हातात येणार, तिथली सुरुवात खोट्या तारखेने करायची? ती लगेच म्हणाली नको.

दुसरा पर्याय तारखाच न देता फक्त कौशल्यांच्या यादीवर सीव्ही उभा करायचा. बरेच लोक गॅप असला की हे सुचवतात. मला हा प्रकार आवडत नाही, कारण वाचणारा आधी तारखाच शोधतो, आणि सापडल्या नाहीत की त्याला वाटतं काहीतरी दडवलंय. अकाउंट्सवाल्यांना तर तारीख नसलेलं व्हाउचर दिसलं की हात थांबतोच.

तिसरा पर्याय आधी एखादा सहा महिन्यांचा जीएसटी-टॅलीचा कोर्स करून सर्टिफिकेट घ्यायचं आणि मग अर्ज करायचे. यात तथ्य होतं, कारण तिचा हात टॅलीच्या जुन्या ईआरपी 9 आवृत्तीवर बसलेला आणि 2020 च्या शेवटी नवं टॅली प्राइम आलं होतं, शिवाय ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, तिने कधी बघितलंच नव्हतं. पण फी बरीच होती, सहा महिने अजून गॅप वाढला असता, आणि जिला रिटर्न भरता येतं तिने परत "जीएसटी म्हणजे काय" पासून बसायचं हे मला योग्य वाटेना.

चौथा, सरळ उलट्या क्रमाने, ताजं काम वर, जुनं खाली, गॅप आहे तिथे गॅप लिहायचा, आणि त्या काळात जे काम खरोखर केलंय ते पगारी कामासारखंच मुद्देसूद मांडायचं, "विनामूल्य" असा स्पष्ट उल्लेख करून. तिसऱ्यातला शिकण्याचा भाग यातच घालायचा. आम्ही हे घेतलं.

काय काय केलं

आधी काम बाहेर काढणं

"तू काय काम करायचीस" असं विचारलं की सगळे "सगळंच" म्हणतात. म्हणून मी तिला महिना तारखेवार सांगायला लावला. एक तारखेपासून सुरू कर, कोणत्या तारखेला कशाची घाई असायची? आणि मग तिचं बोलणं थांबेचना. सात तारखेला टीडीएसची, म्हणजे पैसे देताना कापलेल्या कराची, चलनं. दहा-अकराच्या आसपास जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचं जीएसटी रिटर्न. वीस तारखेला 3बी, म्हणजे जीएसटी भरण्याचं रिटर्न, त्याच्या आदल्या दोन दिवसांत क्लायंटकडून खरेदीची बिलं मागवणं, "साहेब बिलं पाठवा" करून करून घसा कोरडा. तिमाही संपली की 26क्यू, टीडीएसचं रिटर्न. सप्टेंबरमध्ये टॅक्स ऑडिटसाठी लेजर तपासणं, बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे बँकेचं स्टेटमेंट आणि हिशोब जुळवणं.

मग दिरांच्या दुकानाचं कॅलेंडर वेगळं, कारण उलाढाल पाच कोटींच्या आत म्हणून तिथे तिमाही रिटर्नची क्यूआरएमपी योजना, जी जानेवारी 2021 पासून आली, म्हणजे ती ऑफिस सोडून गेल्यावर. ते ती स्वतः शिकली होती! तेरा तारखेला आयएफएफ, म्हणजे महिन्याच्या विक्रीच्या बिलांची नोंद, चौदाला 2बी, म्हणजे सप्लायरनी अपलोड केलेल्या बिलांची यादी, आली की खरेदी रजिस्टरशी जुळवणं, पंचवीसला महिन्याच्या कराचं पीएमटी-06 चलन, तिमाही संपल्यावर 22 ला 3बी. 2बी हा प्रकारच 2020 मध्ये सुरू झाला. म्हणजे ज्या बाईचं ज्ञान 2018 ला थांबलंय असं तिचा सीव्ही सांगत होता, ती 2024 मध्ये 2बी जुळवत बसली होती.

मी विचारलं जुळवताना कधी काही सापडलं का. ती म्हणाली हो, 2022 मध्ये दोन सप्लायरनी बिलंच अपलोड केली नव्हती, आणि त्या वर्षापासून 2बी मध्ये दिसत नसेल तर क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, मिळत नाही, म्हणून तिने त्यांच्या मागे लागून लागून अपलोड करून घेतली, साधारण 38 हजारांचं क्रेडिट अडकलं होतं ते सुटलं. दिरांनी तेव्हा पेढे आणले म्हणे. सीव्हीत मात्र यातलं काहीच नव्हतं.

सोसायटीचं पण तसंच. 64 फ्लॅट, करोनात खजिनदार गावी अडकले तेव्हा एप्रिल 2020 मध्ये हिच्याकडे काम आलं आणि राहिलंच. मेंटेनन्सची बिलं, थकबाकीची यादी, मोठ्या दुरुस्तीसाठीचा सिंकिंग फंड वेगळा ठेवणं, वर्षाचं ऑडिट करून घेणं. 11 सभासद थकबाकीदार होते ते 3 वर आले.

मग लिहिणं

सीव्ही इंग्लिशमध्येच केला कारण कंपन्या तशाच मागतात, इथे मराठीत सांगते.

सगळ्यात वर नाव, मोबाईल, ईमेल, "नाशिक, अंबड-सातपूर येण्याजाण्यास सोयीचं" एवढंच. करिअर ऑब्जेक्टिव्ह काढून तिथे तीन ओळी: सीए ऑफिसमधला आठ वर्षांचा अनुभव, जीएसटी, टीडीएस आणि बँक रिकन्सिलिएशन स्वतंत्रपणे करते, 2020 पासून एका दुकानाची जीएसटी रिटर्न्स आणि 64 फ्लॅटच्या सोसायटीचे हिशोब विनामूल्य सांभाळते, पूर्णवेळ नोकरीसाठी लगेच उपलब्ध.

"अकाउंट्सची सर्व कामे बघितली" या ओळीच्या जागी हे आलं:

"साधारण 20 क्लायंटचे मासिक जीएसटीआर-1 आणि 3बी तयार करून सीएंच्या तपासणीनंतर दाखल केले."

"क्लायंटचे प्रकार: फॅब्रिकेशन, ट्रान्सपोर्ट, किराणा होलसेल, एक द्राक्ष निर्यातदार."

"दोन फॅब्रिकेशन युनिट्ससाठी जॉबवर्क चलन रजिस्टर आणि आयटीसी-04 ची तयारी." (जॉबवर्क म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला पाठवलेला माल, आयटीसी-04 म्हणजे त्याचं जीएसटीतलं विवरण.)

"टीडीएस चलनं आणि 26क्यू, टॅक्स ऑडिटपूर्वी लेजर तपासणी."

"सीएंच्या तपासणीनंतर" हे शब्द तिने स्वतः घालायला लावले. म्हणाली सही सरांची असायची, मी एकटीने केलं असं कसं लिहू. मला ते फार आवडलं, आणि वाचणाऱ्यालाही त्यातून कळतं की हिला कामाची साखळी माहितीये. क्लायंटची नावं कुठेही टाकली नाहीत, ती गोपनीय माहिती असते आणि जो आज जुन्या क्लायंटची नावं सीव्हीत मांडतो तो उद्या आपली पण मांडेल असं मॅनेजरच्या मनात येतंच. हुद्दा पण "अकाउंटंट" होता तो तिच्या पत्राप्रमाणे "सीनियर अकाउंट्स असिस्टंट" केला.

आणि गॅप. एक ओळ. "नोव्हेंबर 2018 ते मार्च 2020: कौटुंबिक जबाबदारी, पूर्णवेळ." आजारपण, बाळ, कुणाचं काय, काही नाही. तिला आधी तिथे पूर्ण परिच्छेद लिहायचा होता, सासूबाईंचं आजारपण वगैरे, तिला वाटत होतं समजावून सांगितलं तर समजून घेतील. पण सीव्हीत जितकं समजावत जाल तितकं वाचणाऱ्याचं लक्ष तिथेच अडकतं. सांगायचं ते मुलाखतीत, समोरासमोर, विचारलं तर.

एका गोष्टीवर आमचं जमेना. बचत गट. बारा बायकांच्या गटाचं लेजर ती ठेवते, आणि तिला ते अनुभवात हवं होतं. मी म्हटलं कारखान्याच्या अकाउंट्सला त्याचा थेट उपयोग नाही, जागा खाईल. तिला वाईट वाटलं हे दिसत होतं, कारण या तिन्ही कामांत तिचा जीव सगळ्यात जास्त त्यातच होता. शेवटी "इतर" खाली एक ओळ ठेवली. अजूनही मला वाटतं तेवढी बरोबर होती, एखाद्या सहकारी पतसंस्थेत अर्ज असता तर हीच ओळ मी सगळ्यात वर नेली असती.

व्हॅटची फॉर्म 231, 704 वगैरे सगळी यादी काढून "व्हॅट रिटर्न्स आणि ऑडिटचा पूर्वानुभव" एवढं ठेवलं. दहावी-बारावी काढली, फक्त बीकॉम राहिलं. धर्म, लग्न, नवऱ्याचं नाव, फोटो, छंद, सहीचं निवेदन, सगळं गेलं. यातलं काहीही नोकरी द्यायची की नाही हे ठरवायला लागत नाही, आणि लागू पण नये. सगळं मिळून दीड पान, एकच कॉलम, साधा फॉन्ट.

शिकायचं राहिलेलं

टॅली प्राइमचं एज्युकेशनल मोड फुकट मिळतं, त्यात महिन्याच्या 1, 2 आणि 31 याच तारखांना एंट्री टाकता येते, पण हात बसायला तेवढं पुरतं. दिरांच्या दुकानाची जुनी बिलं घेऊन तिने रोज दुपारी मुलगी शाळेत असताना एंट्र्या मारल्या. ई-इनव्हॉइससाठी जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणीकडे जाऊन बसली, आयआरएन, म्हणजे बिलाचा नोंदणी क्रमांक, कसा तयार होतो, क्यूआर कोड कुठे येतो, चुकलं तर रद्द कसं करायचं हे डोळ्यांनी बघितलं. ऑगस्ट 2023 पासून पाच कोटींवरच्या उलाढालीला ई-इनव्हॉइस सक्तीचं झालं, त्यामुळे एमआयडीसीतल्या बऱ्याच जाहिरातींत ते लिहिलेलंच असायचं. सीव्हीत आम्ही "ई-इनव्हॉइस: प्रक्रिया माहीत, प्रत्यक्ष काम केलेलं नाही" असं लिहिलं. एवढं खरं लिहायचं का यावर बराच वेळ गेला. पण मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येणार हे नक्की होतं, आणि तिथे थरथरण्यापेक्षा हे बरं.

जुन्या सरांना फोन

हे सगळ्यात अवघड गेलं. ती घाईत सोडून गेली होती, हातातली कामं अर्धवट ठेवून, त्यामुळे पाच वर्षं फोन केला नव्हता. दोन आठवडे टाळत होती. शेवटी केला तर सर म्हणाले, "अगं तू कुठे गायब झालीस, परत ये म्हणणार होतो मी." दोन दिवसांत तारखांसकट अनुभवाचं पत्र दिलं आणि कुणी फोन केला तर बोलायला तयार झाले. सोसायटीच्या सेक्रेटरींनी पण लेटरहेडवर पत्र दिलं.

पाठवणं

नाशिकमधल्या लहान-मध्यम कारखान्यांत सीव्ही गाळणारं सॉफ्टवेअर वगैरे सहसा नसतं, व्हॉट्सअॅपवर पीडीएफ येते आणि अकाउंट्स मॅनेजर किंवा मालक चहा पिता पिता फोनवर उघडतो. म्हणून आम्ही सीव्ही फोनवर उघडून बघितला, झूम न करता वाचता येतो का, पहिल्या स्क्रीनवर आठ वर्षं आणि जीएसटी दिसतंय का. फाईलचं नाव आधी "न्यू सीव्ही फायनल 2" होतं ते बदलून तिचं नाव, अकाउंट्स, नाशिक असं केलं. सोबत तीन ओळींचा मेसेज: कोणत्या जागेसाठी, माझा अनुभव काय, कधीपासून येऊ शकते. "रिस्पेक्टेड सर/मॅडम" चा अर्धा पानाचा मजकूर बंद.

आणि वीस-पंचवीस ठिकाणी एकच सीव्ही फेकण्याऐवजी जाहिरात वाचून पहिल्या तीन ओळी आणि मुद्द्यांचा क्रम बदलायचा. फॅब्रिकेशन कंपनी असेल तर आयटीसी-04 ची ओळ वर, ट्रेडिंग कंपनी असेल तर 2बी जुळवणी वर.

निकाल

मार्च आणि एप्रिलमध्ये तिने दहा-बारा निवडक ठिकाणी अर्ज केले. चार फोन आले, दोन मुलाखती झाल्या.

पहिली मुलाखत फसली. तिथे बसल्या बसल्या एक्सेलची टेस्ट दिली, पिव्हॉट टेबल करा म्हणाले, तिला येईना. नव्या सीव्हीत एक्सेलपुढे फक्त व्हीलुकअप आणि फिल्टर लिहिलं होतं, मग पिव्हॉट का विचारलं? कारण नोकरी पोर्टलवरच्या तिच्या प्रोफाइलला अजून भाच्याने भरलेलं "अॅडव्हान्स्ड एक्सेल" तसंच होतं आणि त्यांनी तिथूनच तिला शोधलं होतं. ती घरी येऊन रडली. दुसऱ्या दिवशी प्रोफाइल बदललं, आणि पुढच्या आठवड्यात पिव्हॉट पण शिकली, जे खरंतर एका दुपारचं काम होतं.

दुसरी मुलाखत अंबडमधल्या एका फॅब्रिकेशन युनिटमध्ये, एप्रिलच्या शेवटी. अकाउंट्स मॅनेजरने तिच्या सीव्हीच्या प्रिंटवर आयटीसी-04 च्या ओळीला पेनने गोल केला होता. त्यांचा बराच माल बाहेर जॉबवर्कला जातो, चलनं जुळत नव्हती, आधीचा मुलगा सोडून गेलेला. पहिली वीस मिनिटं ते फक्त त्यावरच बोलले, चलन किती दिवसांत परत यायला पाहिजे, एक वर्षाच्या आत माल नाही आला तर काय, आणि तिला ते सगळं येत होतं. गॅपबद्दल एकच प्रश्न आला. तिने ठरवलेलं उत्तर दिलं, की मुलगी लहान होती आणि घरात आजारपण होतं, आता मुलगी शाळेत जाते आणि घरी मदतीला बाई आहे, पूर्णवेळ येऊ शकते. पुढे कुणी खोदलं नाही.

आयकर कायद्यातल्या तेव्हाच्या 43बी(एच) कलमाबद्दल पण विचारलं, सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत दिलं नाही तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, ज्या वर्षी पैसे देऊ त्या वर्षी धरायचा. त्या वर्षी हा नियम पहिल्यांदाच लागू झाला होता, मार्च एंडला सगळ्या ऑफिसांत तेच चाललं होतं. तिला 45 दिवस माहीत होते, 15 माहीत नव्हते, तिने तसं सांगितलं. मॅनेजरने जुन्या सरांना फोन केला, पत्रातल्या तारखा विचारल्या. मे मध्ये 21 हजारांवर ती रुजू झाली. 2018 ला हातात 14 हजार येत होते.

वेगळं काय करता आलं असतं

पोर्टलवरचं प्रोफाइल आणि सीव्ही एकाच दिवशी, एकाच बैठकीत बदलायला पाहिजे. लोक सीव्हीवर जीव काढतात आणि प्रोफाइलमध्ये जुनंच पडलेलं असतं, त्यातली एक ओळ मुलाखत घालवू शकते, इथे घालवलीच.

सरांना फोन पहिल्याच दिवशी करायचा. तिने दोन आठवडे टाळलं आणि तेवढ्यात एका ट्रेडिंग कंपनीची जागा भरली, ज्यांनी अनुभवाचं पत्र मागितलं होतं. ज्यांनी अशीच घाईत नोकरी सोडलीय त्यांना माझं सांगणं आहे की समोरचा माणूस तुमच्यावर अजून रागावून बसलाय हे बहुतेक वेळा आपल्याच डोक्यात असतं, एक फोन करून बघा.

पगाराच्या बाबतीत मला अजून रुखरुख आहे. "शेवटचा पगार किती" विचारल्यावर तिने 14 सांगितला आणि बोलणी तिथूनच सुरू झाली. 2018 चा आकडा 2024 मध्ये आधार म्हणून धरायचं काही कारण नव्हतं. आकडा खोटा सांगायचा नाही हे बरोबर, पण त्यासोबत "तो सहा वर्षांपूर्वीचा आहे, आता या कामाला नाशिकमध्ये अमुक मिळतं, माझी अपेक्षा 25 आहे" असं म्हणायची तयारी करून जायला हवी होती. तिने त्या मैत्रिणीला, जिच्याकडे ई-इनव्हॉइस शिकली, तिचा पगार विचारला असता तरी अंदाज आला असता. बायका एकमेकींना पगार विचारत नाहीत आणि त्यात नुकसान सगळ्यांचंच होतं.

ई-इनव्हॉइसची ती "प्रत्यक्ष काम केलेलं नाही" ची ओळ बरोबर होती की नाही यावर माझ्या ओळखीतले दोन एचआरवाले वाद घालतात. एक म्हणतो जे येत नाही ते लिहायचंच कशाला. मला वाटतं जाहिरातीत स्पष्ट मागितलं असेल तर लिहायचं, नसेल तर नाही. इथे मॅनेजर स्वतः म्हणाले की ते दोन दिवसांत शिकवतो.

आणि सोसायटीचं काम सुरू झालं त्याच महिन्यात, 2020 मध्येच, तिने कुठेतरी लिहून ठेवायला हवं होतं, किती फ्लॅट, थकबाकी किती होती, कधी किती झाली. आम्हाला 11 चे 3 झाले हे जुन्या बिलबुकातून शोधून काढावं लागलं, त्यात दोन दिवस गेले. आता तिने एक वही केलीय, दर तिमाहीला रिटर्न भरून झालं की त्यात दोन ओळी लिहिते, काय नवीन शिकले, काय अडलेलं सोडवलं. ऑगस्टमध्ये तिने त्यात लिहिलं की दोन वर्षांची न जुळणारी जॉबवर्क चलनं जुळवून दिली.